अकरा अंश

सक्करदऱ्याच्या तलावामागे आमचं मेडिकल.
आत नामदेवकाका भोयरांची वेताची खुर्ची,
भिंतीवर काचेत माझं सर्टिफिकेट
अन् त्याच्याखाली दिवसभर उभी मी.

रुजू झाले तेव्हा फ्रिजमध्ये होतं
वरच्या कप्प्यात इन्सुलिन,
दारात काकांची ताकाची बाटली,
अन् पार मागे कुणाच्या तरी बारशाचा लाडू,
जो कोणत्याच वहीत नव्हता.

वही तरी कसली!
मागच्या सालची डायरी. तिच्यात उधारी,
अर्धवट लिहिलेला एक बॅच नंबर,
अन् ‘डबेवाली बाई, हिरवी गोळी, मंगळवारी येणार’.
कोणती बाई? कोणता मंगळवार?
काका म्हणायचे, सगळं डोक्यात आहे वो पोरी.
डोकं दुपारी एक ते चार
जेवायला घरी जायचं.

मग मी इतवारीतून जाड रजिस्टर आणलं.
रेघा मारल्या. कुणाला, किती, कोणत्या डॉक्टरांचं,
फोन नंबर, अन् शेवटी ‘शेरा’, उगीच, जागा उरली म्हणून.
एकाच अक्षरानं सुरू होणाऱ्या दोन गोळ्या,
एक साखरेची, एक जुलाबाची,
एका फळीवर खेटून बसायच्या.
जुळ्यांना शाळेत वेगळ्या तुकड्यांत टाकतात,
तशा दोन भिंतींना धाडल्या.
दिवाकरला सांगितलं, देताना नाव मोठ्यानं वाच.
तो हजेरी घेतल्यासारखा वाचायचा,
गिऱ्हाईक दचकून ‘हो जी’ म्हणायचं.

अन् फ्रिजात एक थर्मामीटर.
सकाळी नऊ, संध्याकाळी सात.
दोन ते आठच्या मधात राहायचं, बस.
चार. पाच. चार. सहा.
पानभर असे शहाणे आकडे.

नवतप्यातला सोमवार होता.
रविवारी दुकान बंद,
सोमवारी शटर वर केलं, फ्रिज गुरगुरत होता,
काटा अकरावर.
शेजारचा टेलर म्हणे, लाइन दुपारी गेली होती.
पानवाला म्हणे, नाही, राती.
अकरा चढता होता की उतरता,
हे काट्यावर लिहिलेलं नसतं.

काका मागून म्हणाले,
आठ लिही ना. तीन अंशानं काय होते?
पेन हातात होता.
आठ लिहायला अकरापेक्षा कमी शाई लागते.

मी अकरा लिहिलं.
चौदा पेनं खोक्यात घातली, सुतळी बांधली,
वर लिहिलं, ‘विकू नये, विचारणा सुरू’,
अन् खोकं फ्रिजातच वेगळ्या कप्प्यात ठेवलं.
बिघडलं होतं का? मला ठाऊक नव्हतं.
ठाऊक नाही, एवढंच मला ठाऊक होतं.

साडेदहाला फुलझेलेबाई आल्या, लेकीच्या पेनासाठी,
पदरानं मान पुसत.
आज आपल्याकडचं नका घेऊ, म्हटलं.
काचेतून बोट दाखवून म्हणाल्या,
दिसते तर आहे, मग?
मी चिठ्ठीवर समोरच्या दुकानाचं नाव लिहून दिलं.
समोरच्या. म्हणजे चौदा वर्षांत
काकांनी ज्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं, त्याच्या.
काका पंख्याकडे पाहत राहिले.
पंखा गरम हवा वाटत होता, सगळ्यांना सारखी.

दोन दिवस बोलले नाहीत.
कंपनीचा माणूस आठ दिवसांनी आला,
खोकं घेऊन गेला, पावती दिली.
पैसे मिळाले नाहीत.

मग पाऊस झाला, पोळा झाला.
मारबतीच्या दिवशी मी सुट्टी घेतली.
गर्दीत पोरं ओरडत होती,
खोकला घेऊन जा, ताप घेऊन जा गे मारबत,
अन् माझ्या मनात आलं,
आज काटा कोणी पाहिला असेल?

दुसऱ्या दिवशी रजिस्टर उघडलं.
माझ्या निळ्या आकड्यांखाली
लाल पेनानं, चौथीतल्या पोराच्या वळणाचं:
‘स. नऊ वा. दहा अंश. लाइन गेलती.
सहा पेनं बाजूला ठेवली. ना. भोयर.’
अन् शेऱ्याच्या रकान्यात,
जागा पुरली नाही म्हणून खाली घसरत,
‘ताक काढलं.’

लाडवाचं काहीच लिहिलं नव्हतं.